चिकाआडची मॅट्रिक

ज्या परीक्षेने मला कॉलेजचे दार उघडून दिले तिच्याविषयी मला कृतज्ञता वाटत असेल, असे माझ्या विद्यार्थिनींना वाटत आले. मला तिची किळस वाटते. हा शब्द मी पुष्कळ विचार करून वापरते आहे. लिहायला मी फार उशिरा बसले. त्यामुळे एकेक शब्द उलटसुलट पाहिल्याशिवाय माझ्याने कागदावर ठेववत नाही. राग म्हणावे, तर राग केव्हाच निवला. किळस मात्र अन्नात केस निघाल्यासारखी आहे. केस काढून टाकला, वर्षे गेली, तरी ते ताट आठवले की घास फिरतो.

तेव्हा मी ग्वाल्हेरीस, लष्कर नावाच्या भागात, दाना ओलीत दादाकडे राहत होते. लग्न होऊन वर्ष झाले नव्हते तोच पांढरे लुगडे नेसून मी माहेरी परतले होते. वडील दरबारच्या एका कचेरीत होते आणि संध्याकाळी घरी आले की मला शिकवीत. संस्कृत, मराठी, गणित, आणि कचेरीतल्या एका गोऱ्या साहेबाकडून मागून आणलेल्या पुस्तकांवरून इंग्रजी. शाळेचे तोंड मी कधी पाहिले नाही, पण अशिक्षित होते असे म्हणणे वडिलांवर अन्याय होईल. माझ्यात उणीव एकच होती. चार माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. कोणी आले की मी आतल्या खोलीत, आणि आतल्या खोलीत कोणी आले की भिंतीकडे.

वडील गेले आणि सासरचे निरोप दक्षिणेतून येऊ लागले. थोरल्या जाऊबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, मुले लहान होती, आणि घरात राबायला बाईमाणूस हवे होते. दादाने एके दिवशी इंदरगंजातल्या कचेरीतून आल्यावर टोपी खुंटीला लावता लावता विषय काढला.

"हे बघ, तुला तिकडं धाडायचं माझ्या मनात नाही. पण नुसतं नाही म्हणून भागत नाही, कारण द्यावं लागतं. तू मॅट्रिक हो आणि कॉलेजात नाव घाल. शिकते आहे म्हटलं की मला बोलायला तोंड राहील."

"आणि नाही झाले तर?"

"तर दिवाळीनंतर ते न्यायला येतील," दादा म्हणाला, आणि हातपाय धुवायला मोरीकडे गेला.

कॉलेजात मुली नव्याने जाऊ लागल्या होत्या. परंतु घरी शिकून बाहेरून परीक्षेला बसलेल्या मुलीला मॅट्रिकचा दुसरा वर्ग असल्याखेरीज तेथे घेत नसत. म्हणजे नुसते पास होऊन चालणार नव्हते.

खरे सांगायचे तर मी घाबरले नाही, मनातून सुखावलेच. परीक्षेविषयी दादाकडून जे ऐकले ते मला फार सुंदर वाटले. दूरच्या शहरात एक बोर्ड आहे. ते एकच प्रश्नपत्रिका छापते. ती ग्वाल्हेरीस आणि आसपासच्या सगळ्या संस्थानांत एकाच दिवशी, एकाच घटकेला उघडली जाते. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, फक्त नंबर असतो. तपासणाऱ्याला तुमचे लुगडे दिसत नाही, कपाळ दिसत नाही, घराणे कळत नाही, बोलताना तुमची जीभ अडखळते हेही कळत नाही. तो फक्त तुम्ही काय लिहिले ते वाचतो. माणसांपुढे उभे राहण्याचे ज्याला भय आहे त्याला यापेक्षा न्यायाची व्यवस्था कोणती हवी? मी त्या नंबरावर, तो मिळण्याआधीच, जीव जडवून बसले होते.

परीक्षेची रीत कळावी म्हणून दादाने खासगी बाजार या पेठेत शिकवण्या करणाऱ्या एका मास्तरांना बोलावले. लष्करातल्या बऱ्याच घरांतून, विशेषतः जिथल्या मुली शाळेत जात नसत अशा घरांतून, त्यांचे जाणे-येणे होते. पुस्तकाचे पान उलटण्यापूर्वी ते अंगठा आणि तर्जनी जिभेला लावीत. तंबाखूने पिवळी झालेली ती ओली बोटे वडिलांच्या पुस्तकांवर फिरू लागली की माझ्या अंगावर काटा येई. ते बाहेर ओसरीवर बसत, मी दाराच्या आत, आणि वहिनी माझ्या मागे धान्य निवडीत बसे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला वक्तशीरपणावर इंग्रजीत निबंध लिहायला सांगितले. मी मन लावून लिहिला. मास्तरांनी पहिली ओळ पाहिली, शेवटची पाहिली, आणि कागद खाली ठेवला.

"हे कुणासाठी लिहिलंत, ताई?"

"परीक्षकांसाठी," मी कसेबसे म्हटले.

"परीक्षक वाचतो असं तुम्हाला कुणी सांगितलं? परीक्षक चाळतो. त्याच्यापुढं ढीग पडलेला असतो. उसे जल्दी है. त्याला जे ओळखीचं दिसतं, तिथं तो मार्क टाकतो आणि पुढं जातो. तुम्ही त्याला विचार करायला लावलंत की तुम्ही गेलात. हे इम्तिहान आहे, कीर्तन नव्हे."

मग त्यांनी आपली विद्या उघड केली. त्यांच्याजवळ तीन निबंध होते: नदी, आगगाडीचा प्रवास आणि राजनिष्ठा. हे तिन्ही शब्दन् शब्द पाठ करायचे. अवघी मॅट्रिक या तिघांत बसते, असे त्यांचे म्हणणे होते.

"आणि विषय चौथाच आला तर?" मी विचारले.

"तर त्याला हाताला धरून नदीवर न्यायचा. वक्तशीरपणा आला? नदी वेळेवर समुद्राला पोचते. परोपकार आला? नदी स्वतःचं पाणी पीत नाही. मैत्री आली? दो नदियाँ मिलती हैं. पहिल्या चार ओळी तुमच्या, बाकी नदी."

मागून वहिनीला राहवेना. "मास्तर, स्वयंपाक हा विषय आला तर हो?"

"पाणी कुठून आणता, वहिनी?" मास्तर म्हणाले, आणि स्वतःच्या हजरजबाबीपणावर इतके खूश झाले की त्यांना ठसका लागला.

वहिनी हसून हसून पुरी झाली. मलाही हसू आले असावे. पण मास्तर गेल्यावर ती ओली बोटे आणि ती नदी मला एकच वाटू लागली. ज्या परीक्षेला मी न्यायाची जागा समजत होते तिला हा मनुष्य आठवडी बाजार समजत होता, आणि सर्वांत ओंगळ गोष्ट ही की त्याचे म्हणणे खोटे नसावे. त्याच्या नदीवर लष्करातली कितीतरी मुले पैलतीराला लागली होती.

"वन्सं, घाला की एकदा त्या नदीत उडी," वहिनी भाकरी थापता थापता म्हणे. "नंतर करा तुमच्या मनासारखं. तिकडं गेलात तर आयुष्यभर चुलीशी बसाल. मग कसला निबंध न् कसलं काय."

तिचे बरोबर होते. मी नदी पाठ केली. ती इतकी पाठ झाली की अंघोळीला पाणी घेतले तरी तिची वाक्ये ओठांवर येत. पाठ करूनही ती लिहायची नाही, एवढे मात्र मी मनाशी धरले होते. हट्ट म्हणा. माझ्याजवळ दुसरे काही माझे असे नव्हते.

मुलींची परीक्षा मुलींच्या शाळेतल्या एका लांबट खोलीत होती. ग्वाल्हेरीस त्या काळी मोठ्या घरांतून पडदा कडक होता, म्हणून खोलीच्या मधोमध बांबूच्या काड्यांचा चिक सोडला होता. चिकाच्या अलीकडे आम्ही आणि आमच्यावर देखरेख करणाऱ्या एक शिक्षिका. पलीकडे टेबल-खुर्ची टाकून केंद्राचे सुपरिंटेंडंट बसत. ते वयस्क पंडितजी होते. प्रश्नपत्रिका ते चिकाखालून आत सरकवीत आणि अधूनमधून खाकरून विचारीत, "बाईजी, भीतर सब ठीक है न?"

"जी, सब ठीक," बाई उत्तर देत. परीक्षेवरची सरकारी देखरेख ती एवढीच.

माझ्या शेजारच्या बाकावर एका सरदार घराण्यातली मुलगी होती. गोरी, लठ्ठशी, अतिशय गोड स्वभावाची. ती बंद टांग्यातून येई आणि तिच्यासोबत पाण्याची सुरई व पानदान घेऊन एक मोलकरीण येई. मोलकरीण तिच्या पायाशी सतरंजीवर बसे. बाईंनी तिला हरकत घेतली नाही. सरदारांच्या मुलीने पाणी स्वतः ओतून घ्यायचे की काय? पहिल्याच दिवशी माझे लक्ष त्या मोलकरणीच्या हाताकडे गेले. घासणे-धुणे केलेला हात तो नव्हता. मधल्या बोटाला, लेखणी टेकते तिथे, घट्टा होता आणि त्यात शाई मुरली होती. ती कोण्या शाळेतली मास्तरीण होती, जुनेर नेसवून आणलेली.

प्रश्नपत्रिका आली की ही बाई सुरईवर हात ठेवून, ओठ फारसे न हलवता, उत्तरे सांगू लागे. खोली लांबट होती, पण शांत. हळूहळू मागच्या-पुढच्या बाकांवरच्या लेखण्या थांबत. सगळ्याजणी ऐकत आणि मग एकदम लिहू लागत. एका सरदाराच्या पैशाने साऱ्या खोलीची सोय झाली होती. देखरेखीच्या बाई खिडकीतून बाहेरचे कडुनिंबाचे झाड पाहत उभ्या राहत. त्यांना नोकरी त्याच घराण्याच्या शिफारशीने लागली होती, हे मला पुढे कळले.

"अहो, तुम्ही लिहिता तरी किती!" ती सरदारकन्या एकदा माझ्याकडे झुकून म्हणाली. "हात नाही का दुखत? ऐका की हिचं. आमची ही काही कुणाला नाही म्हणत नाही." आणि तिने मला विडा पुढे केला. त्यात लबाडी नव्हती. ताटातला लाडू शेजारणीला द्यावा तसे ती उत्तर देऊ करीत होती. मी मान हलवली आणि आणखी खाली वाकून लिहू लागले. पानाचा आणि अत्तराचा वास, उकाडा, आणि ती कुजबुज.

इंग्रजीच्या दुसऱ्या पेपरात निबंधाचा विषय आला, घरी आलेला पाहुणा. मोलकरणीने क्षणभर विचार केला आणि पाहुण्याला होडीत बसवले. तो नदीकाठच्या गावाहून आला, आणि नदी कशी असते हे त्याने सांगितले. त्यापुढचे मला तोंडपाठ होते. मास्तरांची नदी! शब्दन् शब्द तीच. त्या खोलीतल्या बहुतेक मुली मास्तरांच्याच शिकवणीच्या होत्या, आणि जिने जुनेर नेसले होते तिनेही त्यांच्याकडूनच ती विकत घेतली असावी. बाकाबाकावरून नदी वाहू लागली.

मी नदी लिहिली नाही. ज्याच्या जाण्याचा दिवस ठरलेला नाही अशा पाहुण्याविषयी मी लिहिले. तो प्रथम दिवाणखान्यात बसतो, मग माजघरात, मग स्वयंपाकघराच्या दाराशी. त्याला कोणी काही बोलत नाही. घरची माणसे चांगली आहेत. तरीही दुसऱ्यांदा भात घेताना तो सर्वांची पाने पाहून घेतो. खोकला आला तर तो उशीत तोंड घालतो. आपण आजारी पडू नये अशी प्रार्थना तो करतो ती स्वतःसाठी नव्हे. इंग्रजी साधेच होते, पण वाक्यामागून वाक्य आले आणि एकही खोडावे लागले नाही. घंटा झाली तेव्हा मला वाटले, आता कोणी तरी, कुठे तरी, माझे नाव माहीत नसलेला मनुष्य, हे वाचील. आयुष्यात प्रथमच मी कोणाशी बोलले होते.

उन्हाळ्यात निकाल लागले आणि आमच्या खोलीतले सगळे नंबर राखून ठेवल्याचे कळले. पहिल्या काही उत्तरपत्रिकांतले निबंध एकसारखे आढळल्यामुळे बोर्डाने तपासणी थांबवून चौकशी मांडली होती. दादाचा चेहरा उतरला. चौकशीच्या आदल्या दिवशी तो घरी आला तो वेगळ्याच चिंतेत.

"आमच्या साहेबांचं त्या सरदारांकडं जाणं-येणं आहे," तो म्हणाला. "आज मला बोलावून घेतलं. काही म्हणाले नाहीत, नुसती तुझी चौकशी केली. समजलीस ना? कुणाचं नाव घेऊ नकोस. आपलं तेवढं सांग."

चौकशी त्याच खोलीत झाली. तोच चिक सोडला होता. पलीकडे या खेपेस बोर्डाचे गृहस्थ बसले होते आणि अलीकडे आम्ही, देखरेखीच्या बाई, आणि सुरई घेतलेली तीच मोलकरीण. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. ज्या पडद्याआड हे सारे घडले तोच पडदा मध्ये ठेवून, आत काय घडले ते विचारायला मनुष्य आला होता. आणि त्यात विचित्र काही आहे असे कोणालाच वाटत नव्हते.

"परीक्षा के समय भीतर कोई बोल रहा था?" त्यांनी विचारले.

"जी नहीं," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी एकेक नंबर पुकारला. प्रत्येक नंबराला आतून "जी नहीं" गेले. सरदारकन्येच्या वतीने ते मोलकरणीने सांगितले. आवाज कोणाचा, हे बाहेरून कसे कळणार? बाईंनी एकटीने सगळ्यांची उत्तरे दिली असती तरी चालले असते.

माझा नंबर आला. "माझ्या निबंधात नदी नाही," मी म्हटले. "आपण पाहावे."

"सब यही कहती हैं, बाईजी." त्यांनी नमुन्यादाखल काही उत्तरपत्रिका आणल्या होत्या. माझी त्यांत नव्हती.

त्यानंतर मी जे केले ते माझ्या हातून कसे झाले, हे मला अजून उमगलेले नाही. मी चिक वर उचलला आणि पलीकडे जाऊन टेबलासमोर उभी राहिले. मागून "अगंबाई, बाहेर गेली!" अशी कुजबुज उठली.

"मला दुसरा विषय द्या," मी म्हटले. "कोणताही द्या. मी इथे आपल्यासमोर बसून लिहिते. मग दोन्ही ताडून पाहा."

ते गृहस्थ गडबडून उठले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. सभ्य मनुष्य, परक्या बाईकडे पाहू नये हे ते शिकले होते. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले आणि भिंतीला सांगितले, "बाईजी, आप परदे में बैठिए. ऐसा कोई क़ायदा नहीं है."

"आपण फक्त विषय द्या."

"क़ायदा नहीं है," ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांची मान आणखी वळली.

ती पाठ मी विसरलेली नाही. पांढऱ्या अंगरख्यावर घामाचा डाग पडलेली, अदबीने वळलेली पाठ. पाहणे हेच ज्याचे काम, तो शिष्टाचार म्हणून पाहत नव्हता. वडिलांच्या पुस्तकांवरची ती ओली बोटेसुद्धा मला याहून स्वच्छ वाटली. मी परत चिकाच्या आत गेले. सरदारकन्येने माझ्यासाठी बाकावर सरकून जागा केली आणि हलकेच विचारले, "घाबरलात का हो? पाणी देऊ?"

काही आठवड्यांनी निकाल जाहीर झाला. माझा दुसरा वर्ग होता. दादा इंदरगंजातून पेढे घेऊनच आला. त्याच बैठकीत त्याने सासरी पत्र लिहिले की बहीण कॉलेजात जाणार असल्यामुळे तिला पाठवता येत नाही. वहिनीने देवापुढे पेढा ठेवला आणि पहिला माझ्या तोंडात घातला. तो गोड लागलाही.

प्रमाणपत्र आणायला शाळेत गेले तेव्हा देखरेखीच्या बाई हसतमुखाने पुढे आल्या. मी चिकाबाहेर गेले त्याचा राग त्यांनी मनात ठेवला नव्हता.

"सुटलो बाई एकदाच्या!" त्या म्हणाल्या. "बोर्डानं फार समजूतदारपणा दाखवला. तो इंग्रजीचा पेपर पुढं तपासलाच नाही त्यांनी. आपल्या खोलीतल्या सगळ्यांना सरसकट सारखे मार्क दिले. कुणाचं मन दुखवायला नको."

"सगळ्यांना?"

"एकूण एक. अहो, चांगले दिलेत. तुमचा दुसरा वर्ग त्याच्यावरच तर निघाला! आणि तिचं लग्नही ठरलं बरं का," त्या सरदारकन्येविषयी म्हणाल्या. "मुलाकडच्यांना मॅट्रिक झालेलीच हवी होती. कॉलेजचं काय, ती कशाला जाते!"

दुसरा वर्ग देणारे गुण माझे नव्हते. मी लिहिलेले उघडलेही गेले नव्हते. वाचले असते तर कदाचित मला अधिक मिळाले असते, कदाचित परीक्षक चाळून पुढे गेला असता आणि मी दिवाळीनंतर दक्षिणेत चुलीशी बसले असते. काय झाले असते, ते कळण्याची वाट त्यांनी समजूतदारपणाने बंद करून टाकली होती. एकच कागद, एकच घटका, चेहरा नसलेला नंबर, या ज्या गोष्टींनी मला मोहवले होते त्या सर्व त्यांनी अक्षरशः पाळल्या. सगळ्यांना सारखे. मी प्रमाणपत्राची गुंडाळी केली आणि ते पदराने पुसले, जणू त्याला थुंकी लागली होती.

कॉलेजात नाव घातले त्या दिवशी संध्याकाळी वहिनी भाजी चिरत होती. मी शेजारी बसून शेंगा सोलू लागले तर तिने ताट ओढून घेतले. "तुम्ही वाचा, वन्सं. आता तुम्ही कॉलेजवाल्या." मग थोड्या वेळाने, मान वर न करता, तिने विचारले, "चौकशीत तुम्ही म्हणालात म्हणे, माझ्या निबंधात नदी नाही. मग काय लिहिलं होतंत एवढं?"

मी तिच्याकडे पाहिले. दुसऱ्यांदा भात वाढताना ती कधी कुचरली नव्हती. माझ्या आजारपणात तिने रात्री काढल्या होत्या. त्या निबंधातले एकही वाक्य मला तिला सांगता येण्यासारखे नव्हते.

"नदीच लिहिली होती," मी म्हटले.

"मी म्हटलंच होतं," वहिनी म्हणाली, आणि समाधानाने भाजी चिरू लागली.